नाणेघाटाचा सार्थ : मराठीतून भूमिका-खेळ रचतानाच्या नोंदी

शनिवार, १९ ऑक्टोबर २०२४

डिसेंबरातील दुसऱ्या शनिवार-रविवारी आम्ही सहा जणांनी दोन रात्री एकत्र राहायचे आणि तेवढ्या वेळात एकच टेबलटॉप भूमिका-खेळ सुरुवातीपासून शेवटापर्यंत खेळायचा, असे आज नक्की झाले. दुसरा शनिवार निवडण्याचे कारण साधे आहे. आमच्यातला एक जण बँकेत आहे आणि त्याला त्या शनिवारी सुटी असते. सूत्रधाराचे, म्हणजे गोष्ट पुढे नेण्याचे आणि खेळाडूंखेरीजची पात्रे साकारण्याचे काम माझ्याकडे आले. आमच्यात या भूमिकेला ‘डीएम’ (डंजन मास्टर) म्हणण्याची सवय आहे. तरी या नोंदींत मी ‘सूत्रधार’ हाच शब्द वापरणार आहे, कारण या वेळी संपूर्ण खेळ मराठीतून चालवायचा, ही माझी एकमेव अट होती.

पाचांपैकी तिघांनी असा खेळ कधी खेळलेला नाही. त्यांना समजावताना मी आधी नेहमीचा इतिहास सांगितला : फौजांच्या लढाया पटावर खेळणाऱ्या मंडळींपैकी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी, प्रत्येक खेळाडूने सबंध फौजेऐवजी एकाच माणसाची भूमिका घ्यायची, असा खेळ रचला आणि १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत प्रसिद्ध झाला. यातून कुणालाही फारसे काही कळले नाही. मग कुडाळचा मित्र म्हणाला, “म्हणजे दशावतार. आख्यान आधी ठरतं, संवाद लिहिलेले नसतात, जो तो तिथल्या तिथे बोलतो.” यात सूत्रधार, पाच पात्रे, आणि ज्या गोष्टीचा निकाल बोलून लागत नाही तिथे फासे, एवढी भर घातल्यावर माझे दहा मिनिटांचे व्याख्यान अनावश्यक ठरले.

रविवार, २७ ऑक्टोबर

राहण्याची जागा ठरली. नाणेघाटाच्या माथ्याजवळच्या घाटघर गावात ओळखीच्या एका काकांचे घर आहे आणि त्यांनी माजघर दोन रात्रींसाठी आम्हाला द्यायचे कबूल केले आहे. जागा ठरताच विषयही ठरला. समोर नाणेघाटासारखी प्राचीन व्यापारी वाट असताना बोलणारे ड्रॅगन आणि युरोपातले किल्ले कशाला आणायचे, असे मला मनापासून वाटले. मामेभाऊ थोडा हिरमुसला. त्याने आपल्या ड्रॅगन मारणाऱ्या योद्ध्याचे पान तीन वर्षे जपले आहे.

प्रसंग पुढीलप्रमाणे योजला आहे. काळ सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने शक क्षत्रप (शासक) नहपानाचा नुकताच पराभव केला आहे. कल्याणच्या बाजूने निघालेला एक सार्थ, म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, बैलांच्या पाठीवर तांबे, पोवळी आणि पश्चिमेकडून आलेल्या मद्याचे कुंभ लादून घाट चढतो आहे. माथ्यावर जकात द्यायची आहे, आणि सार्थाकडची सगळी चांदीची नाणी नहपानाच्या छापाची आहेत. हरलेल्या राजाचे नाणे जिंकलेल्या राजाचा अधिकारी घेईल का, एवढाच खेळाचा गाभा आहे.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. ती सारी नाणी नहपानाची होती आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा आणि त्याच चेहऱ्यावर उमटलेली सातवाहनांची चिन्हे, असे नाणे एकदा पाहिले की विसरता येत नाही. नाशिकच्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख तिच्या मुलाला, म्हणजे गौतमीपुत्राला, नहपानाच्या क्षहरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा म्हणतो. पण ही नाणी पाहता वंशाचा उच्छेद करणाऱ्यानेही चांदी मात्र वाया जाऊ दिली नाही, हे स्पष्ट दिसते.

बँकेतल्या मित्राला हे फोनवर सांगितले तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, “ही तर नोटाबंदीच झाली. मी तेव्हा काउंटरला होतो.” नोव्हेंबर २०१६ मधल्या रांगांविषयी तो नंतर अर्धा तास बोलत होता. त्याचे पात्र कोणते असावे, हे मला तेव्हाच कळले.

रविवार, ३ नोव्हेंबर

भाऊबीज. मामेभाऊ घरी आला होता, वकील मैत्रीण आणि कुडाळचा मित्र संध्याकाळी आले, आणि फराळाच्या ताटल्या बाजूला सारून पहिली चाचणी झाली. नियम मामेभावाच्या आग्रहास्तव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीचे घेतले, त्यांचा मूळ नियमसंग्रह जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे, त्यामुळे हवे तसे फेरफार करून तो मराठीत उतरवायला अडचण नव्हती.

अडचण निराळीच निघाली. घाटात चार चोरांनी सार्थाला अडवले आणि त्या एका चकमकीला एक तास पन्नास मिनिटे लागली. हे नियम लढाईसाठी उत्तम आहेत, याबद्दल माझी तक्रार नाही. कुणी किती पावले सरकला, कुणाचा वार कुणाला लागला, हे सगळे ते चोख सांगतात. आमच्या सार्थाला मात्र लढायचे नसून घासाघीस करायची आहे, आणि तिच्यासाठी त्यांत एक फेक आणि एक होकार-नकार एवढेच मिळते. वीस बाजूंच्या एका फाशावर प्रत्येक आकडा येण्याची शक्यता सारखीच, म्हणजे पाच टक्के असते. बारा किंवा अधिक हवे असतील तर यश ४५ टक्के वेळा येते आणि उरलेल्या ५५ टक्के वेळा काहीच घडत नाही. मराठी बाजारात उभ्या राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे की घासाघीस अशी संपत नाही. बहुतेक वेळा ती ‘बरं, पण...’ येथे संपते.

रविवार, १० नोव्हेंबर

नियम बदलले. आता सहा बाजूंचे साधे दोन फासे एकदम टाकायचे आणि बेरीज करायची. दहा किंवा अधिक आले तर काम फत्ते. सात ते नऊ आले तर काम होते, पण काहीतरी किंमत मोजून. सहा किंवा कमी आले तर सूत्रधार गोष्टीला प्रतिकूल वळण देतो. ही पद्धत माझी नव्हे. २०१० नंतरच्या अनेक भूमिका-खेळांत ती रुळलेली आहे, आणि तिचा मधला टप्पाच मला हवा होता.

हिशेब मांडून पाहिला. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी दहा किंवा अधिक सहा वेळा येतात, सात ते नऊ पंधरा वेळा, आणि सहा किंवा कमी पंधरा वेळा. पात्राला त्या कामात दोनाची भर मिळत असेल तर चित्र नेमके उलटते : पूर्ण यश पंधरा, किंमतीचे यश पंधरा, वाईट वळण फक्त सहा. म्हणजे पात्र कसलेले असो वा नवखे, ‘बरं, पण...’ पंधराच वेळा येते. हे पाहून मला फार समाधान वाटले.

प्रत्येक पात्राला तीन गुण दिले : वाट, व्यवहार आणि वाणी. एकाला दोन, एकाला एक, एकाला शून्य. पात्राच्या पानावर याखेरीज काहीही नाही.

मध्येच मोह झाला की फाशांऐवजी कवड्या घ्याव्यात, म्हणजे खेळ अधिक आपला वाटेल. आजीच्या सारीपाटाच्या पिशवीतल्या सहा कवड्या काढून दुपारभर टाकल्या. कवडी दोन्ही बाजूंना सारखी नसल्यामुळे ती तोंड वर करून पडेल की पालथी, याची शक्यता निम्मी-निम्मी नसते. शिवाय प्रत्येक कवडीचा स्वभाव वेगळा निघाला, आणि एक तर जवळजवळ दर वेळी पालथीच पडे. सारीपाटात याने बिघडत नाही, कारण तिथे सगळे त्याच कवड्या टाकतात. पण ‘तुझ्या व्यवहाराला दोनाची भर’ असे म्हणायचे तर शक्यता ठाऊक असाव्या लागतात. कवड्या फेकण्यातून बाद केल्या आणि दुसऱ्या कामाला लावल्या. प्रत्येक खेळाडूला तीन कवड्या मिळतील, एक कवडी खर्चून त्याने कथेत एक गोष्ट खरी आहे असे ठरवायचे, उदाहरणार्थ, “या चौकीवरचा पहारेकरी माझ्या गावचा आहे.” सूत्रधाराने ते मान्य करायचे, कुरकुर करायची नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर

आज पात्रे वाटायची होती. विधानसभेच्या मतमोजणीचा दिवस असल्यामुळे संध्याकाळपर्यंत कुणी फोन उचलला नाही. पाचही जण रात्री नऊनंतर सापडले.

पात्रे जुन्नर परिसरातल्या लेण्यांच्या लेखांतून घेतली आहेत. तिथे धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे व्यावसायिक संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी (टाके) दान दिल्याचा लेख आहे. म्हणून बँकेतला मित्र धान्यिक, म्हणजे धान्यव्यापाऱ्यांच्या, श्रेणीचा प्रतिनिधी. कांस्यकारांच्या श्रेणीचाही उल्लेख तिथे आहे, म्हणून कुडाळचा मित्र कासार. यवन, म्हणजे त्या काळच्या अर्थाने ग्रीक किंवा तत्सम परदेशी, दात्यांची नावे त्या लेखांत आहेत, मामेभावाने लगेच यवन घेतला, कारण “निदान हा तरी परदेशी आहे.” शिक्षिका मैत्रिणीने जुन्नरच्या विहाराकडे निघालेली भिक्खुणी निवडली. वकील मैत्रीण सार्थवाह, म्हणजे तांड्याची प्रमुख. स्त्री सार्थवाह त्या काळी असेल का यावर थोडी चर्चा झाली आणि तिने पहिली कवडी तिथेच खर्च केली.

शनिवार, ७ डिसेंबर

नाणी तयार झाली. कुडाळच्या मित्राने जाड पुठ्ठ्याच्या चाळीस चकत्या कापल्या, त्यांवर चंदेरी कागद चिकटवला, आणि पेन्सिलीच्या बोथट टोकाने एका बाजूला मुखवटा कोरला. मग वीस नाण्यांवर त्याच मुखवट्यावर तीन कमानींची टेकडी दाबून उमटवली. टेकडीखाली चेहऱ्याचे नाक आणि ओठ अजून दिसतात. खऱ्या नाण्याचे वजन दोन ग्रॅमच्या आसपास असते. आमचे त्याहून थोडे हलके असावे. हातात घेतल्यावर मात्र वजनाचा विचार मनात येत नाही, बोट आपोआप नाकावर जाते.

माझी टाचणे एव्हाना अकरा पाने झाली आहेत : घाटाचा नकाशा, जकातीचे दर (हे मी कल्पनेने ठरवले आहेत), चौकीवरच्या सात माणसांची नावे आणि स्वभाव, तीन वेगवेगळे शेवट. तयारी भक्कम झाली आहे, असे वाटते.

शुक्रवार, १३ डिसेंबर, रात्री

जुन्नरहून अंधार पडल्यावर निघालो आणि घाटघरला पोचेपर्यंत साडेआठ वाजले. थंडी कडाक्याची. काकांनी गाडीतून उतरताच बजावले की रात्री घराबाहेर पडायचे झाले तर एकट्याने जायचे नाही आणि बॅटरीशिवाय तर मुळीच नाही. बिबट्याचा वावर या तालुक्यात नवा नाही. पिठले-भाकरी झाल्यावर आम्ही माजघरात गोधड्या अंथरून पाने मांडली, तेव्हा काका दाराशी उभे राहून बराच वेळ पाहत होते. मी खेळ समजावला. ते म्हणाले, “म्हंजी सोंग घ्यायचं, पर उठायचं न्हाई.” गेल्या दोन महिन्यांत मला इतकी नेमकी व्याख्या सुचली नव्हती.

एक व्यावहारिक नोंद : गोधडीवर फासे नीट पडत नाहीत, घडीवर तिरपे टेकतात आणि मग वाद होतात. काकूंनी पितळी परात दिली. परातीत फासे पडले की असा आवाज होतो की शेजारच्या खोलीतली आजी दचकून उठली. परातीत टॉवेल अंथरला, प्रश्न सुटला.

शनिवार, १४ डिसेंबर

सकाळी चालत घाटमाथ्यावर गेलो. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत असत, अशी लोकपरंपरा सांगते आणि आम्ही ती खेळापुरती खरी मानली आहे. जरा खाली गुहा. तिच्या भिंतींवरचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख सातवाहनांच्या नागनिका राणीचा मानला जातो. त्यात यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे, एका ठिकाणी १,७०० गायी आणि १० हत्ती. म्हणजे आपल्याकडच्या सर्वांत जुन्या कोरीव अंकांपैकी काही याच भिंतीवर आहेत, आणि ते अंक दानाच्या हिशेबाचे आहेत. मागच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता वर नावे आणि खाली पावलांच्या खुणा, एवढेच उरले आहे. बँकेतला मित्र त्या अंकांसमोर बराच वेळ उभा होता आणि शेवटी म्हणाला की बेरीज तपासायला कुणी ठेवलेला दिसत नाही.

दुपारी तीन वाजता पहिला डाव सुरू झाला आणि मी लगेच चूक केली. अकरा पानांपैकी दोन पाने मी मोठ्याने वाचली. नऊ मिनिटे लागली. मामेभाऊ फासे एकावर एक रचत होता. वाचून झाल्यावर वकील मैत्रिणीने अत्यंत शांतपणे विचारले, “यातलं आम्हाला काय ठाऊक असायला हवं, आणि काय फक्त तुला आवडलंय?” उरलेली नऊ पाने मी पिशवीत ठेवली आणि रविवारी निघेपर्यंत बाहेर काढली नाहीत.

दुसरी चूक अधिक खोल होती. चढणीवर कासाराने एका नाण्याकडे निरखून पाहिले. ते खोटे आहे, आत तांबे आणि वर चांदीचा पत्रा, हे कळणे पुढच्या कथेसाठी आवश्यक होते. मी सवयीने फासे टाकायला सांगितले. चार आले. आता काय? कासाराला धातू कळला नाही, कथेचा धागा तुटला, आणि मला पंधरा मिनिटे आडवाटेने तोच धागा पुन्हा आणावा लागला. ज्या गोष्टीवाचून खेळ पुढे सरकत नाही ती फाशांवर सोपवायची नाही. कासाराला धातू कळतोच, आणि त्याबद्दल चौकीवर तोंड उघडायचे की नाही, हा खरा प्रश्न आहे. चहाच्या वेळी हे सगळ्यांना सांगितले आणि तेवढा भाग पुन्हा खेळलो.

संध्याकाळच्या डावात सार्थ चौकीवर पोचला आणि तिथे असे काही घडले ज्याची तयारी माझ्या कोणत्याच पानात नव्हती. जकात अधिकारी मी साकारत होते. मामेभावाचा यवन पुढे झाला आणि म्हणाला, “ए, हे बघ, चांदी आहे, घे की.” माझा अधिकारी ताठ झाला. तसे मी ठरवले नव्हते. ‘ए’ कानावर पडताच माझी पाठ आपोआप सरळ झाली. मग धान्यव्यापारी ‘अहो साहेब’ म्हणाला, तो काउंटरवरचाच सूर होता, आणि अधिकारी थोडा सैलावला. भिक्खुणीने अधिकाऱ्याला सरळ ‘तू’ म्हटले आणि तरीही त्याने मान लववली, कारण तिचे ‘तू’ आईचे किंवा देवाचे ‘तू’ होते. एका प्रसंगात तीन संबोधने झाली आणि फासे अजून परातीत पडलेलेच नव्हते.

इंग्रजीतून खेळताना हे मला कधी दिसले नव्हते, कारण तिथे समोरच्याला हाक मारायला एकच सर्वनाम असते आणि दर्जा दाखवायला वेगळे शब्द जुळवावे लागतात. मराठीत तोंड उघडले की दर्जा ठरतो. जेवणाआधी मी पात्रांच्या पानांवर हाताने एक ओळ वाढवली : बोलण्याच्या प्रसंगी आधी संबोधन निवडायचे, वाक्य पात्राच्या तोंडून म्हणायचे, आणि ते ऐकून सूत्रधाराने एकाची भर किंवा एकाची तूट सांगायची. मामेभावाने विचारले की यवनाला मराठी नीट येत नाही, त्याला सूट मिळेल का. मिळेल, असे ठरले; परक्याचे ‘तू’ एकदा माफ, दुसऱ्यांदा नाही. (त्या काळचे लोक प्राकृत बोलत, मराठी नव्हे, हा आक्षेप शिक्षिका मैत्रिणीने नोंदवला आहे. तो बरोबर आहे, पण आम्हाला प्राकृतात घासाघीस येत नाही.)

रात्रीचा डाव साडेदहाला थांबवला. त्यात एक प्रसंग नोंदवायला हवा. चौकीबाहेर सार्थाचा मुक्काम पडला होता, आणि फेक वाईट आल्यावर मी बैलांजवळ झोपलेल्या एका लहान पोराकडे बिबट्या सरकतो आहे असे वर्णन सुरू केले. आम्ही मध्ये एक कागद ठेवलेला असतो, त्यावर मोठी फुली. एखादा प्रसंग कुणालाही नको असेल तर त्यावर बोट ठेवायचे आणि कारण द्यायचे नाही, अशी या खेळांतली रूढ सोय आहे. शिक्षिका मैत्रिणीने बोट ठेवले. तिचा मुलगा पाच वर्षांचा आहे, आणि काकांचा कालचा इशारा आमच्या सगळ्यांच्या मनात होताच. मी वाक्य तिथेच सोडले; बिबट्याने गोऱ्हा नेला, पोर दुसऱ्या टोकाला गाढ झोपलेले होते, आणि खेळ पुढे गेला. पाच सेकंदही लागले नसतील. हा कागद मी गंमत म्हणून आणला होता. आता तो नेहमीच्या सामानात राहील.

रविवार, १५ डिसेंबर

सकाळी नऊ ते साडेबारा शेवटचा डाव.

सार्थात फूट पडली होती. कासाराला खोट्या नाण्यांविषयी बोलायचे होते, धान्यव्यापाऱ्याला नव्हते. दोघांचा वाद सुमारे वीस मिनिटे चालला, आणि मध्ये कधीतरी कासार, जो आतापर्यंत ‘आपण घाट चढलो’, ‘आपली नाणी’ असे बोलत होता, तो म्हणाला, “आम्ही कासार लोक खोटा धातू पुढे सरकवत नाही.” माजघरात एकदम शांतता पसरली. ‘आपण’ जाऊन ‘आम्ही’ आले होते, म्हणजे समोरचा त्यातून बाहेर पडला होता. धान्यव्यापाऱ्याने हातातल्या कवड्या खाली ठेवल्या आणि विचारले, “आम्ही म्हणजे कोण?” मी काही बोलले नाही. सूत्रधाराने गप्प बसावे असे प्रसंग थोडे असतात आणि ते ओळखायला मला उशीर लागतो, पण हा ओळखला.

मग सार्थवाह अधिकाऱ्यापुढे उभी राहिली. वकील मैत्रीण नेहमी भराभर बोलते. त्या वेळी तिने एकेक शब्द मोजून टाकला. “ही चांदी आपल्याच राजाची आहे. चेहरा जुना आहे, एवढंच. ही नाणी वजनावर मोजू, खोटी असतील ती आमच्या कासाराकडून वेचून घेऊ, आणि उरलेली आपण टांकसाळीत नेऊ.”

या ‘आपण’चा अर्थ काय? ‘आपण, महाराज, ती न्यावीत’ असा आदर, की ‘तुम्ही-आम्ही मिळून नेऊ’ असा समावेश? ‘नेऊ’ या क्रियापदावरून दुसरा अर्थ निघतो. पण ती म्हणाली तशा स्वरात पहिलाही ऐकू येत होता, आणि माझ्या अधिकाऱ्याला एकाच शब्दात मानही मिळाला आणि तो सार्थात सामीलही झाला. मी एकाची भर जाहीर केली. वाणीचे दोन, भरीचा एक, आणि फाशांवर पाच. एकूण आठ. म्हणजे काम झाले, पण किंमत मोजून.

किंमत अशी ठरली : नाणी वजनावर घेतली जातील, पण पुन्हा छाप मारून होईपर्यंत सार्थातला एक जण चौकीवर ओलीस राहील. कोण राहणार, यावर अधिकाऱ्याने काहीच म्हटले नाही. धान्यव्यापारी म्हणाला, “मी राहतो. रांगेत उभं राहायची मला सवय आहे.” सगळे हसले, तो मात्र हसला नाही. कासाराने आपली शेवटची कवडी पुढे सरकवली आणि सांगितले की हे पात्र ओलीस असेपर्यंत त्याच्या श्रेणीचे धान्य कासारांच्या गोदामात सुरक्षित राहील. यापेक्षा चांगली दिलजमाई मला लिहून जमली नसती; माझ्या तीनही तयार शेवटांत हा नव्हता.

जकातीची नाणी रांजणात पडतात त्या प्रसंगासाठी काकूंकडून मातीचे गाडगे घेतले होते. पुठ्ठ्याच्या चकत्यांचा आवाज काहीच येत नाही, ‘फस्स’ असा. हे आधी तपासायला हवे होते.

शेवटची फेक भिक्खुणीची होती, ओलीस राहणाऱ्याला ती धीर देऊ शकते का यासाठी. एक फासा परातीत चारवर थांबला आणि दुसरा काठावरून उडून धान्याच्या कणगीमागे गेला. कणगी हलवण्याजोगी नव्हती. नवा फासा टाकावा असे मी सुचवले, पण शिक्षिका मैत्रीण म्हणाली की धीर मिळाला की नाही, हे तसेही लगेच कळत नसते. तिथेच खेळ थांबवला.

शनिवार, २१ डिसेंबर

नियमांची सुधारित प्रत आज पूर्ण केली. आता ती दोन पानांत मावते. वाट, व्यवहार, वाणी हे गुण तसेच ठेवले आहेत, जरी ‘वाट’ दोन दिवसांत फक्त तीन वेळा वापरली गेली. संबोधनाचा नियम शेवटच्या ओळीवरून पहिल्या ओळीवर आणला. त्यात ‘आपण’साठी एक पोटनियम आहे : खेळाडूने ‘आपण’ म्हटले की सूत्रधाराने विचारायचे नाही की अर्थ कोणता, ऐकणाऱ्या पात्राने जो अर्थ घेतला तो खरा. ‘आम्ही’साठीही एक आहे : सोबत्यासमोर ‘आम्ही’ म्हटले की तो सोबती लगेच एक प्रश्न विचारू शकतो आणि त्याचे उत्तर द्यावेच लागते. जकातीचे दर काढून टाकले. ते कुणीही विचारले नाहीत.

नाण्यांसाठी पत्र्याच्या चकत्या मिळतात का, हे कुडाळचा मित्र तांबट आळीत पाहून येणार आहे. मामेभावाने पुढच्या खेळासाठी ड्रॅगनची मागणी पुन्हा केली आहे, या वेळी तो मराठी बोलणारा असावा अशी पुस्ती जोडून. ड्रॅगन समोरच्याला ‘तू’ म्हणेल की ‘तुम्ही’, यावर त्याने स्वतःच तीन संदेश पाठवले.

दुपारी काकांचा फोन आला. कणगीमागचा फासा सापडला, जुन्नरला येणाऱ्या कुणाबरोबर पाठवून देतो म्हणाले. तो झाडूने ओढून काढल्यामुळे पडताना त्यावर कोणता आकडा होता, हे कळायला मार्ग नाही. मामेभावाला मात्र तो हवाच आहे.